सतरा नंबरवरची फुली

१

गौरांग दाणी सरांना वर्षातून एकदाच मनापासून हसू यायचं, आणि ते आठव्या प्रॅक्टिकलच्या दिवशी. एरवी हा माणूस नाकाने कांदे सोलत जगायचा. सक्करदऱ्याच्या तलावापासून दोन गल्ल्या आत एक खाजगी कॉलेज आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्यांची एकोणीस वर्षं गेली होती, आणि या एकोणीस वर्षांत आपल्या तोडीचं कोणी त्या जिन्याने वर आलेलं नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती.

आठवं प्रॅक्टिकल म्हणजे तसा पोरखेळच. माऊसने पडद्यावर रेषा काढता येतील असा छोटा प्रोग्राम लिहायचा. बटण दाबलं तिथे रेषेचं एक टोक, सोडलं तिथे दुसरं. पोरं खुशीत येऊन घरं काढायची, ट्रॅक्टर काढायची, कोणी आपलं नाव लिहायचं. मग सर म्हणायचे, "आता विंडो खाली करा, आणि परत वर आणा." पोरं वर आणत, तर विंडो कोरी करकरीत. सगळ्या लॅबचे चेहरे पडत आणि सरांना हसू येई.

"कॉम्प्युटर म्हणजे तुमची आजी नाही, सगळं लक्षात ठेवायला," ते म्हणत. "झाकलं की तो विसरतो. प्रत्येक रेषेची दोन्ही टोकं यादीत साठवा. विंडो परत आली की यादी पाहून पुन्हा काढा. जे यादीत नाही ते परत येत नाही."

आणि एखाद्याचं चित्र फारच गावंढळ वाटलं, तर सर त्याच्या मागे जाऊन उभे राहत. "आण इकडे, तुला काय कळतं," असं म्हणून हातातला माऊस ओढून घेत आणि चित्रावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन रेषा मारत. ही त्यांची फुली. दुसरी रेषा संपता संपता मनगटाला एक झटका बसायचा, त्यामुळे टोकाला बारीकशी तिसरी रेष उमटायची, विंचवाच्या नांगीसारखी वळलेली. रडवेलं तोंड करून कोणी पाहिलंच, तर सर म्हणत, "रडायचं काय त्यात? विंडो खाली कर, फुलीही जाईल. माझी टिकत नाही, तिथे तुझं काय टिकणार."

एकोणीस वर्षांत अशा किती फुल्या मारल्या, ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. असली कामं कोण लक्षात ठेवतो?

२

त्या शुक्रवारी सबमिशनचा शेवटचा दिवस होता. एप्रिल चालू होता, उन्हाने रस्ते ओस पडले होते आणि लॅबमधला कूलर घरघरत ओली हवा फेकत होता. सोमवारी युनिव्हर्सिटीची प्रॅक्टिकल परीक्षा. जर्नलच्या पहिल्या पानावर, म्हणजे सर्टिफिकेटवर, सरांची सही नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि बसू दिलं नाही की वर्ष गेलं. सर रजेवर असले तर हेड लतिका मॅडम सही करतात. पण दाणी सर कधीच रजेवर नसत, ते असले आनंद सोडून रजा कशाला घेतील?

"रोल नंबर चौतीस. भूमिका चंद्रभान ढोके."

काटोलच्या पलीकडच्या एका गावातून रोज बसने येणारी ही मुलगी. बोलणं ठसठशीत वऱ्हाडी, त्यामुळे सरांच्या लेखी ती तोंड उघडताच नापास झालेली होती. तिने सतरा नंबरच्या मशीनवर प्रोग्राम चालवला. घर, दार आणि शेजारी संत्र्याचं झाड काढलं. विंडोच्या तळाशी तिने स्वतःच्या डोक्याने एक आकडा ठेवला होता, यादीत किती रेषा आहेत ते दाखवणारा. चौदा.

"खाली कर. वर आण."

घर परत आलं. दार आलं, झाड आलं. आणि त्या सगळ्यावरून आडवीतिडवी एक फुली. तळाचा आकडा सोळा होता.

भूमिका पडद्याकडे पाहत राहिली. "सर, हे दोन मी नाही काढले."

"मग कोणी काढले? तुझ्या बाबांनी?"

"नाही सर. सकाळपासून असंच होऊन राहिलं. मी यादी तपासली, सगळं बरोबर आहे. तरी हे येऊनच राहिलं."

सर वाकले. फुलीच्या दुसऱ्या रेषेचं टोक वळलेलं होतं, नांगीसारखं. त्यांच्या मानेवरून काहीतरी थंड सरकलं, पण कूलर त्यांच्या पाठीशीच होता. तिसऱ्या रेषेशिवाय रेष वळते कशी, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो तिथल्या तिथे चिरडला. त्यांनी कोड वरपासून खालपर्यंत वाचला. बटण दाबलं, टोक घेतलं. सोडलं, दुसरं टोक घेतलं. यादीत टाकलं. दुसरीकडून यादीत काही शिरायला सुईएवढी फट नव्हती. कोड स्वच्छ होता. त्यांच्या स्वतःच्या नोट्सपेक्षाही स्वच्छ होता, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं.

"चोरी करायची तर नीट करावी," ते म्हणाले. "मागच्या बॅचचा कुणाचा तरी प्रोग्राम उचललास. त्यांची घाणही बरोबर आली."

"सर, मी स्वतः लिहिला. रात्रभर बसून लिहिला."

"उचलली जीभ लावली टाळ्याला." त्यांनी जर्नल ओढलं, आठव्या प्रॅक्टिकलच्या पानावर लाल पेनने फुली मारली आणि सर्टिफिकेटचं पान तसंच कोरं ठेवून जर्नल परत तिच्याकडे लोटलं. "सही मिळणार नाही. जा."

भूमिका रडली नाही. तेही सरांना आवडलं नाही.

"सर, माही बस पाच वाजताची आहे," ती म्हणाली. "साडेचारला पुन्हा येते. तोवर तुम्ही एकदा स्वतः चालवून पाहा."

३

बाकीची पोरं गेली. दुपारचे दोन वाजले. चोरी सिद्ध करून लतिका मॅडमच्या टेबलावर आपटावी म्हणून सर सतरा नंबरवर बसले.

त्यांनी तिचा प्रोग्राम चालवला आणि एकच रेष काढली. आकडा एक. विंडो खाली केली, वर आणली.

आकडा तीन. त्यांची रेष आणि एक फुली.

पुन्हा खाली, वर. पाच. आणखी एक फुली, ही वर उजव्या कोपऱ्यात, बारकी. सात. ही लांबलचक, घाईत मारलेली. दर वेळी एकेक वाढत होती, आणि प्रत्येकीला ती नांगी होती.

काय चुकतंय ते सर शोधत होते, आणि शोधता शोधता त्यांना आठवू लागलं. ती बारकी फुली हिमानीची. त्या मुलीने कोपऱ्यात फक्त आपलं नाव लिहिलं होतं, म्हणून फुलीही तेवढीच. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसू लागली आणि पुढे आलीच नाही. ती लांबलचक फुली सौरवच्या ट्रॅक्टरवरची. तो शिक्षण सोडून बुटीबोरीला कुठल्याशा कारखान्यात लागला, असं कोणीतरी म्हणत होतं. ट्रॅक्टर पडद्यावर नव्हता, नावही नव्हतं. फक्त फुल्या होत्या, नेमक्या त्या त्या जागी.

कोणीतरी मुद्दाम साठवल्यात, सरांनी स्वतःला बजावलं. या पोरांना बाकी काही येत नाही, पण सूड बरोबर येतो. नेटवर्कच्या फोल्डरमध्ये फाईल असेल, ती वाचली जात असेल.

त्यांनी नेटवर्कची वायर उपटली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात आलं की हिमानीच्या बॅचला नऊ वर्षं झाली. हे मशीन मागच्या वर्षाआधीच्या वर्षी आलं. हिमानी ज्याच्यावर बसायची ते डबडं कधीच भंगारात गेलं होतं.

लॅबमधले दिवे एकदम गेले. पाठोपाठ डोक्यावरचा पंखा मंदावला.

"कोण आहे?" सर खेकसले.

दारात शोभाताई उभ्या होत्या, लॅब अटेंडंट, हातात चाव्यांचा जुडगा. "अगबाई, सर तुम्ही? माफ करा. लॅब रिकामी दिसली म्हणून बंद करून राहिली होती."

"रिकामी? मी काय इथे हवेत बसलोय? डोळे तपासून घ्या."

"हो सर," शोभाताई म्हणाल्या आणि बटणं परत लावली. पण जाताना त्यांनी दोनदा वळून पाहिलं, एखादी वस्तू जागेवर आहे की नाही ते पाहतात तसं.

४

सरांनी तिचा प्रोग्राम बंद करून टाकला. आता स्वतः लिहायचं. यादी नाही, साठवण नाही, काहीच नाही. नुसती एक कोरी विंडो. ज्याच्यात काही ठेवलंच नाही, त्यातून निघणार काय? पाच ओळींचा कोड. त्यांनी तो तीन वेळा वाचला आणि चालवला.

विंडो कोरी उघडली. त्यांनी माऊसला हातही लावला नाही. कळफलकावरूनच विंडो खाली केली आणि वर आणली.

फुल्याच फुल्या. एकावर एक, एकीच्या पोटात दुसरी, इतक्या की काही ठिकाणी पडदा नुसता काळा झाला होता. डावीकडे खाली मात्र पांढरं शिल्लक होतं, वेडंवाकडं, कापडावर सांडलेल्या दुधासारखं.

 कूलरच्या आत पाणी टपकत होतं. घाबरलो नाही, असं सर मनाशी म्हणत होते, आणि घाबरले होते. 

शोभाताई पुन्हा दारात आल्या. या वेळी त्यांनी आधी नीट डोळे बारीक करून पाहिलं. "आहात नं सर? चहा आणू का विचाराले आली." मग त्यांची नजर पडद्यावर गेली. "हे कोणाचं चित्र काढलं?"

"चित्र? कसलं चित्र? रेघोट्या आहेत त्या."

"रेघोट्या असतील. पण मधात पांढरं माणूस बसून आहे नं. पाठमोरं. इथून चांगलं दिसून राहिलं." त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. "चहा नंतरच आणते," म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता खाली निघून गेल्या.

अडाणी बाई. ढगात उंट दिसतो, भिंतीच्या ओलीत देव दिसतो, यांना सगळीकडे काहीतरी दिसतंच. सर उठून दारापाशी गेले आणि वळले.

पांढऱ्यात माणूस बसलेला होता. टेबलाशी, पाठमोरा, खांदे किंचित वाकलेले, उजवा हात पुढे केलेला. काढलेला नव्हता तो. फुल्यांनी सोडलेली तेवढीच जागा होती. त्याला डावा पाय नव्हता, गुडघ्यापासून खाली काळं होतं.

सरांनी डावा पाय उचलायला घेतला. त्याला मुंग्या आल्या होत्या. फार वेळ एकाच जागी बसल्यावर येतातच, कोणालाही येतात, ते स्वतःला म्हणाले. पाय आपटला. आवाज झाला नाही.

ते लंगडत परत आले, ते त्या पांढऱ्यावर नजर रोवूनच. आता विंडो कोणी खाली करत नव्हतं, वर आणत नव्हतं, तरीही फुल्या वाढत होत्या. कशा, ते त्यांच्या उशिरा लक्षात आलं. विंडो झाकली गेली की ती पुन्हा काढली जाते. ती खालीच करायला पाहिजे असं नाही. समोर काहीही आलं तरी पुरे. दर वेळी त्यांची पापणी पडत होती, उघडत होती, आणि पांढऱ्याची कड थोडी आत सरकत होती.

मग त्यांनी डोळे ताणून धरले. सेहेचाळीस वर्षांचा, गोल्ड मेडल मिळवलेला माणूस कूलरच्या वाऱ्यात डोळे फाडून बसला, गालांवरून पाणी ओघळू लागलं, आणि तरीही पापणी पडतच होती. पडद्याकडे पाठ करून पाहिली. मग तर ती किती वेळा काढली जातेय तेही कळेना. घाबरून पुन्हा वळले, तर डावा खांदा गेला होता.

५

साडेचारला भूमिका आली, जर्नल छातीशी धरून. दारात थांबून तिने लॅबवर नजर फिरवली, एकदा, दोनदा, आणि मग तिला सर दिसले.

"सर, पाहिलं का चालवून?"

सही करून टाकावी, सरांना वाटलं. पश्चात्ताप वगैरे काही नाही, तसलं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण या पोरीपासून हे सुरू झालं, हिला वाटेला लावलं की थांबेल, असा हिशोब. त्यांनी हात पुढे केला. तिने सर्टिफिकेटचं पान उघडून दिलं.

त्यांनी पेन टेकवलं आणि सही केली. कागदावर फुली उमटली, नांगीसकट.

त्यांनी तिच्याखाली पुन्हा सही केली, सावकाश, गौरांगमधला 'ग' मनात गिरवत. फुली.

"सर," भूमिका हळूच म्हणाली, "काहून करून राहिले असं? एक सही नसली तर माहं वर्ष जाते."

 सरांनी नुसतं पडद्याकडे बोट केलं. तिने पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला. तिला काय दिसलं कोण जाणे. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि खुर्ची ओढून सतरा नंबरवर बसली.

"हे पुसायचं का सर?"

सरांनी होकारार्थी मान हलवली. पापणी पडली.

तिने त्यांचा पाच ओळींचा कोड उघडून वाचला. "सर, यात तर यादीच नाही. पुसणार कुठून? जे ठेवलंच नाही ते पुसता येत नाही." तिने बोटं कळफलकावर ठेवली. "असं करते. आधी यादी टाकते. हे सगळं यादीत येऊ द्या. मग यादी रिकामी करायचं बटण देते. ते दाबलं की कोरं."

ती भराभर टाइप करू लागली. सर मागे उभे राहून पाहत होते. चूक शोधायची सवय जात नव्हती, आणि चूक सापडत नव्हती. मदत हवी होती, आणि ती काटोलच्या पलीकडच्या पोरीच्या हातून यावी, याची चीडही त्याच वेळी येत होती. पांढरं आता तळहाताएवढं उरलं होतं. डोकं, मान आणि पुढे केलेला उजवा हात.

तिने प्रोग्राम चालवला. खाली एक बटण आलं होतं, त्यावर लिहिलं होतं 'पुसा'. तळाच्या आकड्याकडे सरांनी पाहिलं नाही. तिने माऊस हातात घेतला, बाण बटणावर नेला आणि थांबली.

"सर, दाबू नं? एकदा गेलं की परत येणार नाही."

एवढंच होतं. 'दाब' म्हणायचं होतं. पण पोरगी विचारत बसली होती, तिचा तो हेल, ती संथपणे थांबलेली बोटं, आणि वर हिलाच सगळं कळतं असा तो सूर. जित्याची खोड म्हणतात ती हीच. बटण आपणच दाबावं, एवढंच सरांच्या मनात होतं.

"आण इकडे," ते म्हणाले, "तुला काय कळतं."

त्यांनी तिच्या हातातून माऊस ओढून घेतला. हात बटणाकडे गेलाच नाही. तो आपल्या ओळखीच्या वाटेने गेला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक, मग दुसरी, आणि शेवटी मनगटाला झटका.

उरलेलं पांढरं मिटलं.

६

"सर?" भूमिका म्हणाली.

"काय आहे?" दाणी सर म्हणाले.

तिने मागे वळून पाहिलं. सर तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर आली, कुठेच अडली नाही, आणि पलीकडे कूलरवर जाऊन टेकली.

"झालं ना?" सर म्हणाले. "बघतेस काय अशी?"

ती पुन्हा पडद्याकडे वळली. विंडो कोरी होती, एकही फुली उरली नव्हती. तिने ती बंद केली, आपला प्रोग्राम चालवला, घर काढलं, दार काढलं, झाड काढलं. खाली केलं, वर आणलं. चौदा. पुन्हा केलं. चौदाच.

"सर, पाहा नं, आता बरोबर येऊन राहिलं," ती म्हणाली, आणि आपण हे कोणाला सांगतोय ते तिचं तिलाच कळेना.

शोभाताई फडकं घेऊन आत आल्या. "कोणाशी बोलून राहिली वं? बस नाही का तुही?"

"सर होते नं आत्ता इथं."

"मले तर कोणी नाही दिसलं."

"मावशी, पण सही राहिली माही." भूमिकाने जर्नल उघडलं. सर्टिफिकेटच्या पानावर काहीच नव्हतं. सहीची जागा कोरी होती, आठव्या प्रॅक्टिकलचं पानही स्वच्छ होतं.

"मंग बसून काय राहिली? सर नसले तर मॅडमची चालते. लतिका मॅडम खालीच आहेत, अर्ध्या मिनटात करून देतात. जाय, पळ."

भूमिकाचा चेहरा उजळला. तिने जर्नल उचललं आणि ती सरांच्या अंगावरूनच दाराकडे निघाली. सरांनी वाट अडवायला हात पसरले. ती अडखळलीही नाही. जिन्यावर तिच्या चपला वाजत वाजत खाली गेल्या.

"शोभाताई," दाणी सर म्हणाले. मग ओरडले. एकोणीस वर्षांत या बाईला त्यांनी इतक्या वेळा हाक मारली होती, पण अशी कधी मारली नव्हती.

शोभाताईंनी कूलर बंद केला. पाणी टपकायचं थांबलं. दिव्यांची एकेक रांग घालवत त्या मागून पुढे आल्या. सतरा नंबरवर पडदा अजून चालू होता, पोरीने बंद केला नव्हता. धूळ बसली होती म्हणून त्यांनी पडद्यावरून फडकं फिरवलं, डावीकडून उजवीकडे, सावकाश.

फडक्यामागून घर आलं. दार आलं. संत्र्याचं झाड आलं. यादीत जे जे होतं ते सगळं परत आलं.